मर्सी पेरिनचं सासरचं नाव

मोरेश्वर खांबेट्यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे वीज मंडळात उभी नोकरी काढून कुणाचा फुकटचा चहा प्यायला नाही, आणि दुसरी म्हणजे खांबेट्यांचा कुलवृत्तांत. पहिल्या गोष्टीबद्दल ते फारसं बोलत नसत. दुसरीबद्दल बोलायला लागले की पाहुणे चपला शोधायला लागत.

कुलवृत्तांत, म्हणजे सबंध कुळाचा इतिहास, त्यांनी एकहाती केला होता. गुहागरपासून इंदूरपर्यंत दारं वाजवली, ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कानाशी ओरडून पणज्यांची नावं काढली, आणि जिथे धागा तुटला तिथे स्वतःच्या हुशारीवर गाठ मारली. गाठ मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. एकाच पुरुषाच्या नावापुढे कुठे 'काशी' आणि कुठे 'रमा' अशी बायको सापडली की मोरेश्वरराव हसत. बाई एकच, काशी माहेरची आणि रमा सासरची. लग्नात नाव बदलतातच. त्यांनी स्वतः ताटातल्या तांदळात अंगठीने 'नीलांबरी' असं लिहिलं होतं, आणि त्या दुपारपासून सुमती नावाची मुलगी जगात उरली नव्हती. तिला सुमी म्हणणारा शेवटचा माणूस, तिचा थोरला भाऊ, गेल्या वर्षी गेला.

या गाठ मारण्याच्या सवयीने पुढे काय केलं त्याचीच ही हकिकत आहे. एखाद्या वाईट माणसाच्या हातून झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. पण मोरेश्वरराव वाईट नव्हते, फक्त आपलं चुकू शकतं हे त्यांना कुणी पटवून दिलं नव्हतं.

नोव्हेंबरात दोघं नवराबायको सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे, अमेरिकेत पार्सिपनीला आली. मुलगा अनीश तिथे एका विमा कंपनीच्या आयटी विभागात होता. सून लिडिया तिकडचीच, शाळेत चित्रकला शिकवणारी, अबोल आणि मायाळू. तिला दिवस गेले होते. नीलांबरीबाईंनी आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मोरेश्वररावांच्या वाट्याला मात्र खिडकीतून बर्फ बघणं आणि मॉलमध्ये चकरा मारणं एवढंच आलं. दोन आठवड्यांत त्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं.

एके दिवशी लिडिया त्यांच्यासमोर येऊन बसली. ती बोलायची इंग्रजीतच, 'आई' आणि 'बाबा' एवढे दोन शब्द सोडून. तिने सांगितलं ते असं. ती महिन्याची असताना तिची आई गेली. स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली. मावशी फोन करत होती, फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही म्हणून ती किल्ली घेऊन आली तर हे असं. पाय घसरून डोकं आपटलं, असं सगळे म्हणाले. त्या मावशीनेच लिडियाला वाढवलं आणि तीही आता नव्हती. परवा डॉक्टरबाईंनी विचारलं, की तुमच्या घरात आणखी कुणी बाई तरुणपणी अचानक गेली होती का? लिडियाला ठाऊक नव्हतं. म्हणून डॉक्टरबाईंनी तिला हृदयाच्या तज्ज्ञाकडे तपासणीला पाठवायचं ठरवलं. पण त्यांची तारीख फेब्रुवारीतली होती, आणि तोवर तिला झोप येत नव्हती.

"बाबा, तुम्ही तुमच्या घरातली तीनशे वर्षांपूर्वीची माणसं शोधलीत," ती म्हणाली. "माझ्या आईकडच्या बायका कशा गेल्या, तेवढं शोधाल? मावशी म्हणायची की आपण जोसाया पेरिनच्या घरातले. यापलीकडे मला काही माहीत नाही."

मोरेश्वररावांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

जोसाया पेरिन हा न्यू इंग्लंडमधून उठून न्यू जर्सीच्या डोंगरात येऊन राहिलेला शेतकरी. अमेरिका तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होती, आणि आपल्याकडे थोरले शाहू महाराज गादीवर होते. हा हिशेब मोरेश्वररावांनी लगेच मांडला आणि जोसाया त्यांना एकदम घरचा वाटायला लागला. सकाळी पूजा आटोपून, घंटा वाजवून, ते लॅपटॉपपुढे बसायचे ते नीलांबरीबाई पान वाढेपर्यंत. चर्चच्या नोंदी, जमिनीचे व्यवहार, जनगणना, सगळं घरबसल्या मिळत होतं. आईची आई, तिची आई, असं करत ते वर वर चढत गेले. खांबेट्यांच्या कुलवृत्तांतात मुलींना लग्नापुढे एक ओळसुद्धा दिली नव्हती, आणि इथे सगळी वाट मुलींवरूनच जात होती. त्याचं त्यांना थोडं हसू आलं.

अडचण वरच्या टोकाशी आली. जोसायाची बायको मर्सी. तिला रूथ नावाची मुलगी झाली. दोन वर्षांनी मात्र चर्चच्या नोंदीत जोसायाची बायको थँकफुल. मर्सीच्या मृत्यूची नोंद नाही, दुसऱ्या लग्नाची नाही. मोरेश्वररावांना कोडं पडलं ते चहा निवेपर्यंतच. थँकफुल! हे काय आईबापांनी ठेवलेलं नाव आहे? हे सासूने ठेवलेलं. त्यांनी मर्सीपुढे 'सासरचं नाव थँकफुल' असं टाकलं आणि गाठ मारली. थँकफुल एक्क्याऐंशी वर्षं जगली होती. म्हणजेच मर्सी एक्क्याऐंशी वर्षं जगली.

रूथच्या बाबतीत तेच. तिच्या नवऱ्यापुढे आधी रूथ, मग हॅना. पुन्हा गाठ. रूथच्या नातीच्या बाबतीत तिसऱ्यांदा तेच झालं, आणि इथे खरं तर कुणाच्याही मनात पाल चुकचुकायला हवी होती. मोरेश्वररावांना उलट आनंद झाला. तीनदा दिसलं म्हणजे तो रिवाजच ठरला, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या इतिहास मंडळाच्या एका वयस्क बाईंनी ईमेलला उत्तर दिलं होतं, की पेरिनांची जुनी दफनभूमी डोंगरात अजून आहे, बर्फ वितळलं की एकदा दगड बघून घ्या. ते पत्र त्यांनी वाचलं आणि बाजूला सारलं.

जानेवारीत डोहाळजेवण झालं. हिरवी साडी नेसून लिडिया अवघडून बसली होती, सोसायटीतल्या दहा-बारा जणी ओटी भरून गेल्या, आणि मग मोरेश्वरराव घसा खाकरून उभे राहिले. त्यांनी मोठ्या कागदावर काढलेला वंशवृक्ष भिंतीवर लावला होता. एकेक नावावर बोट ठेवत त्यांनी वाचलं. मर्सी, एक्क्याऐंशी. रूथ, चौऱ्याहत्तर. सगळ्या म्हाताऱ्या होऊन, नातवंडं बघून गेल्या होत्या.

"तुझ्या आईचं झालं तो अपघात, बाळा," ते म्हणाले. "तुमच्या घरातल्या बायका चिवट आहेत. माझा शब्द."

लिडिया रडली. सुटल्यासारखी रडली, आणि तिने उठून सासऱ्यांना मिठी मारली. अनीशलासुद्धा गहिवरून आलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एकट्या नीलांबरीबाई त्या कागदाकडे बघत होत्या.

"अहो, यांच्यात नाव बदलतात का? लिडियाचं कुठे बदललं?" पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं.

"हल्ली नाही बदलत. पूर्वी बदलत असणार."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कागद सांगतोय ना." आणि विषय संपला. त्या घरात असे विषय असेच संपत.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला लिडिया सहज म्हणाली, की तिने तज्ज्ञाची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. आता काय गरज? मोरेश्वररावांनी मान डोलावली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. त्या सकाळी ते फार सुखात होते.

मार्चच्या मध्यावर मुलगी झाली. सुखरूप झाली. नीलांबरीबाईंनी डिंकाचे लाडू केले, बाळंतशोपा भाजल्या, आणि दहाव्या दिवशी ठरवलं की बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची. अनीशने बजावलं होतं, पण तो ऑफिसात होता. त्यांनी जुन्या कढईत कोळसे फुलवून वर ओवा आणि धूप टाकला. धूर वर गेला आणि छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला. कान फाटतील असा आवाज. मोरेश्वरराव टॉवेल घेऊन खुर्चीवर चढले. नीलांबरीबाईंनी वळून पाहिलं तर लिडिया पांढरीफटक पडून उशीवर कलली होती. हाक मारली तर ओ नाही. एक-दोन श्वास जातील एवढा वेळ, मग तिने डोळे उघडले.

"बाळंतिणीला चक्कर येतेच," मोरेश्वरराव म्हणाले. साखरपाणी दिलं. संध्याकाळी अनीशला सांगितलं तेव्हा सगळे अलार्मवर हसले, लिडियाही हसली. नीलांबरीबाईंना हसू आलं नाही. त्या दिवसापासून सुनेला झोप लागली की त्या उगाच दारात येऊन तिची छाती वरखाली होते का ते बघून जायच्या.

बारसं एप्रिलच्या शेवटी ठरलं. बर्फ गेलं होतं. मोरेश्वररावांच्या मनात आलं, की बारशाला मर्सीच्या समाधीचा फोटो हवा. वंशवृक्ष तर त्यांनी छापून, फ्रेम करून मागवलाच होता. एका शनिवारी जेवण झाल्यावर ते, नीलांबरीबाई आणि अनीश असे तिघं निघाले. लिडियाने बाळाला पाजून झोपवलं होतं आणि तीही आडवी होणार होती.

"मी ड्राइव्ह करतो, पण बाबा, तिथे जास्त टाइम नाही लावायचा," अनीश म्हणाला. "लिडिया एकटी आहे."

डोंगरात रस्ता अरुंद होत गेला. फोनचा सिग्नल गेला. दफनभूमी म्हणजे एका शेताच्या कडेला दगडी गडगा आणि आत वीसेक कललेल्या शिळा. शेवाळ, ओला पाला, आणि कुठे चिटपाखरू नाही. मोरेश्वरराव कॅमेरा सरसावून पुढे गेले. थँकफुलची शिळा लगेच सापडली, चांगली उंच, वय एक्क्याऐंशी. त्यांनी विजयाने मागे पाहिलं.

नीलांबरीबाई शेजारी वाकल्या होत्या. तिथे एक गुडघाभर उंचीचा दगड मातीत रुतला होता. त्यांनी पदराने शेवाळ पुसलं.

"अनीश, हे वाच रे."

अनीशने बसून वाचलं. आधी मनाशी, मग मोठ्याने, मराठी करत. मर्सी, जोसाया पेरिनची पहिली पत्नी. वय बावीस. मांडीवर महिन्याचं मूल होतं. चर्चच्या घंटेच्या पहिल्या ठोक्याला देवाने तिला बोलावून घेतलं.

नीलांबरीबाई उठून पुढच्या ओळीत गेल्या. रूथचा दगड होता आणि हॅनाचा वेगळा होता. रूथचं वय चोवीस. तिच्या दगडावर तान्ह्या मुलाचा उल्लेख होता. तिसरा दगड मोरेश्वररावांनी शोधला नाही. ते ओल्या गडग्यावर बसले होते.

"माझं नाव बदललंत ते माझ्यापुरतं," नीलांबरीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "जगातल्या सगळ्या बायकांचं नाही बदलत कुणी. दोन-दोन बायका एकीत घातल्यात तुम्ही. एक मेली त्याचा पत्ताच नाही तुम्हाला."

अनीशने फोन काढला होता. तो गाडीकडे चालत, हात वर करून सिग्नल शोधत होता.

"थांब!" नीलांबरीबाई धावल्या. चाळीस वर्षांत त्यांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं. "फोन नको करू. अरे, तिच्या आईचा फोनच वाजत होता ना? हिला घंटा. आणि आपल्याकडे तो अलार्म. फोन वाजवू नको तिच्या कानाशी."

"आई, मग काय करू? मेसेज केला तरी आवाज येतो," अनीश म्हणाला. मग त्याने फोन वडिलांच्या हातात दिला आणि गाडी काढली.

हमरस्त्याला लागल्यावर सिग्नल आला. पाळण्यावर कॅमेरा लावलेला होता, तो फोनवर दिसायचा. मोरेश्वररावांनी तो उघडला. बाळ जागं होतं. पाय झाडत होतं, तोंड उघडून रडत होतं. शेजारच्या खुर्चीचा फक्त हात दिसत होता. कुणी आलं नाही. मोरेश्वरराव बघत राहिले. एवढ्यात येईल, बाथरूममध्ये असेल, दूध गरम करत असेल. बाळाचा चेहरा लालबुंद झाला. कुणीच आलं नाही. मागच्या सीटवरून नीलांबरीबाईंनी विचारलं, "काय दिसतंय?"

"बाळ रडतंय," मोरेश्वरराव म्हणाले.

अनीशने मग फोन परत घेऊन आपत्कालीन नंबर लावला, पत्ता दिला, आणि दोनदा सांगितलं की घरापाशी सायरन वाजवू नका, दारावरची बेल दाबू नका. पलीकडच्या बाईने कारण विचारलं. त्याने पत्ताच पुन्हा सांगितला.

ते आणि रुग्णवाहिका जवळजवळ बरोबरच पोचले. दाराला एक रुंद, चपटं खोकं टेकवून ठेवलं होतं, वर मोरेश्वररावांचं नाव. वंशवृक्षाची फ्रेम. आणणारा माणूस बेल वाजवून, खोकं ठेवून निघून गेला होता. अनीशने ते बाजूला ढकललं आणि किल्ली फिरवली.

लिडिया बैठकीत, कोच आणि दाराच्या मध्ये जमिनीवर पडली होती. डोळे उघडे होते. ओठ निळसर. ती उठायचा प्रयत्न करत होती आणि हात टेकत नव्हता.

"बेल वाजली," ती पुटपुटली. "मग काही नाही." आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, की हृदयाची आतली वीज वाट चुकते, काही घराण्यांत हे आईबापांकडून मुलांत उतरतं, आणि या प्रकारात बाळंतपणानंतरचे महिने आणि अचानक झालेला आवाज हे सगळ्यांत वाईट. पुष्कळांना दुसरी संधी मिळत नाही. तुमच्याकडे आधी कुणी असं गेलं होतं का, हे कळलं असतं तर बरं झालं असतं.

मोरेश्वरराव कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. ते उठले. अनीशने त्यांचा दंड धरला, पण त्यांनी तो सोडवला आणि सुनेच्या पलंगाशी जाऊन सगळं सांगितलं. मर्सी बावीस, रूथ चोवीस. माझी चूक झाली. मी त्यांना जिवंत ठेवलं. ते रडत होते, आणि आपण रडतोय याची लाज वाटण्याइतकंही भान त्यांना नव्हतं.

लिडियाने ऐकून घेतलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं, कदाचित तेच त्यांना हवं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती नीलांबरीबाईंच्या मांडीवरच्या बाळाकडे बघत होती.

"आणि तिला?" तिने विचारलं.

लिडियाच्या छातीत एक लहानसं यंत्र बसवलं. औषधं सुरू झाली. बाळाच्या रक्ताचा निकाल यायला वेळ लागला, म्हणून बारसं मेपर्यंत पुढे गेलं. निकाल आला. तिलाही होतं. औषध देता येतं, जपता येतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि जपायचं किती वर्षं, असं कुणी विचारलं नाही.

नाव काय ठेवायचं ते लिडियाने ठरवलं होतं. तांदळातल्या अंगठीची गोष्ट तिने नीलांबरीबाईंकडून काढून घेतली होती. "सुमती," ती म्हणाली.

नीलांबरीबाईंनी बाळाचं दुपटं नीट केलं. "ते अर्धंच वापरलं गेलंय," त्या म्हणाल्या. "हिला तरी पुरं वापरू दे."

बारशाला फार कुणाला बोलावलं नव्हतं. पाळणा सगळ्यांनी हलक्या आवाजात म्हटला, आत्या म्हणून बसलेल्या शेजारणीच्या पाठीत धपाटे घातले नाहीत, टाळ्या वाजल्या नाहीत. घरातल्या सगळ्यांचे फोन बाहेर गाडीत ठेवले होते. देवघरातली घंटा मोरेश्वररावांनी फडक्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातली होती. फ्रेमचं खोकं न उघडताच कचऱ्यात गेलं होतं. भिंतीवरच्या जुन्या कागदाच्या जागी त्यांनी नवा कागद केला होता, प्रत्येक बाई वेगळी, प्रत्येकीचं खरं वय. तो त्यांनी कुणाला वाचून दाखवला नाही. सगळ्यांत खाली एकच नाव होतं आणि त्याच्यापुढे वयाची जागा मोकळी होती.

नाव ठेवत असताना ते आत नव्हते. बेलची वायर त्यांनी स्वतः तोडली होती, तरी ते बाहेर पायरीवर उभे होते. रस्त्यावर एखादी गाडी थांबली की पुढे होऊन ओठांवर बोट ठेवायचे, आणि आत सगळं शांत आहे ना, हे कान देऊन ऐकायचे.